कान टोचल्याने अर्धशिशी जाते का?



आज आपण कानाबद्दल बोलणार आहोत. गेल्या काही महिन्यांत वेगवेगळ्या गटांच्या बैठकीत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या आणि अंगठे झाले, आणि उठता उठता कुणीतरी विचारलं, "ताई, कानाच्या आतल्या मऊ हाडाला भोक पाडलं की अर्धशिशी कायमची जाते म्हणतात. खरं आहे का?" एकीने मोबाइलवर त्याचा व्हिडिओ दाखवला. दुसरी म्हणाली, तिच्या जावेला जिवाची घालमेल व्हायची, झोप नव्हती, तिला कान टोचल्यावर बरं वाटलं. एका ताईंना तर त्यासाठी गटातून अंतर्गत कर्ज हवं होतं.

मी डॉक्टर नाही, म्हणून जे पक्कं आहे तेवढंच सांगते. कान टोचल्याने अर्धशिशी किंवा मनाची चिंता बरी होते, असं आजवर नीट केलेल्या कोणत्याही तपासणीत सिद्ध झालेलं नाही. काही जणींना काही दिवस बरं वाटतं, हे मात्र खरं आहे. त्या खोटं बोलत नाहीत. मग बरं का वाटतं आणि पुढे काय होतं, ते समजून घेऊ.

आपल्याकडचं कान टोचणं

कान टोचणं आपल्याला नवीन नाही. बाळ काही महिन्यांचं झालं की सोनाराला बोलावायचं, तार ओवायची, गूळ वाटायचा. बाळ रडलं की आजीने पोटाशी धरायचं. पूर्वी बायका कानाच्या वरच्या कडेला बुगडी घालायच्या, पुरुष भिकबाळी घालायचे. आपल्या आष्टी तालुक्यात सावरगावजवळ मच्छिंद्रनाथांचं ठाणं आहे. त्या नाथपंथात कानफाटे जोगी कानाच्या मधल्या जाड भागाला मोठं छेद करून कुंडल घालतात. ती त्यांच्या दीक्षेची खूण आहे, दुखण्यावरचा इलाज नाही.

"शास्त्रातच सांगितलंय" असंही कुणी म्हणतं. सुश्रुतसंहितेत कान टोचण्यावर खरंच एक सबंध अध्याय आहे. बाळाचे कान सहाव्या किंवा सातव्या महिन्यात टोचावेत असं त्यात आहे आणि कारणं दोन दिली आहेत: रक्षण आणि शोभा. दुसऱ्या एका ठिकाणी अंतर्गळासाठी, म्हणजे हर्नियासाठी, कान टोचण्याचा उल्लेख येतो. अर्धशिशी त्या ग्रंथाला माहीत होती. तिला तिथे अर्धावभेदक म्हटलं आहे आणि तिच्यावर नाकात औषध सोडण्यासारखे उपाय सांगितले आहेत.

त्याच अध्यायात एक इशाराही आहे, तो कुणी सांगत नाही. सूर्याच्या उजेडात धरून कानाची पातळ, आरपार उजेड दिसणारी जागा शोधावी आणि तिथेच टोचावं. चुकीच्या जागी टोचलं आणि शीर दुखावली तर ताप, सूज, वेदना होतात. फाटलेली पाळी जोडायच्या पंधरा तऱ्हाही दिल्या आहेत. म्हणजे कान टोचताना बिघडतो, हे त्या काळीही लोकांना चांगलं ठाऊक होतं.

दुखण्यासाठी टोचायचं हे आलं कुठून?

आपल्या भागात पोटदुखीला, कंबरदुखीला डाग द्यायची किंवा बिब्बा घालायची रीत जुनी आहे. असलीच रीत फ्रान्समध्येही होती. १९५०च्या सुमारास तिथल्या लिऑं शहरात पॉल नोजिए नावाचे डॉक्टर होते. कंबरेपासून पायापर्यंत कळ मारणारे काही रोगी त्यांच्याकडे आले. त्यांच्या कानावर डाग दिलेला होता. एका गावठी वैदूबाईने तो दिला होता आणि रोगी म्हणत होते, आम्हाला बरं वाटलं. नोजिए यांनी यावर बराच विचार केला. पोटातल्या उलट्या बाळासारखा कान दिसतो, म्हणून कानाच्या एकेका जागेचा शरीराच्या एकेका भागाशी संबंध आहे असं त्यांनी मांडलं. १९५७ मध्ये त्यांनी ते छापलं. आज कानावर सुया टोचणारे आणि दाब देणारे जे नकाशे वापरतात, त्यांतले बरेचसे तिथून आले.

अलीकडे, साधारण दहा वर्षांत, परदेशातल्या बायकांमध्ये अर्धशिशीसाठी कानाच्या भोकाच्या अगदी तोंडाशी असलेल्या घडीला टोचून बाळी घालायची लाट आली. मोबाइलवरून ती आपल्यापर्यंत पोचली. तिचा पुरावा काय? २०१७ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी ५४ वर्षांच्या एका पुरुषाची हकीकत छापली. त्याची जुनी अर्धशिशी अशा टोचण्यानंतर कमी झाली होती. पण मनाच्या विश्वासानेही तसं झालं असू शकतं, असं त्या डॉक्टरांनी स्वतःच लिहून ठेवलं. एका माणसाला गुण आला म्हणून तो सगळ्यांना येतो असं होत नाही.

यामागे एक खरी गोष्ट आहे. मेंदूतून निघून छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मोठ्या नसेची एक फांदी कानात येते. तिला बाहेरून बारीक वीज देऊन डोकेदुखी कमी करता येते का, यावर संशोधन चालू आहे. शस्त्रक्रियेआधी घाबरलेल्या रोग्यांच्या कानाला बारीक सुया लावून भीती कमी होते का, याचेही काही छोटे अभ्यास झाले आणि त्यांत थोडा फायदा दिसला. पण ती सुई काही वेळाने काढून घेतात. विजेची मात्रा मोजून देतात. कायमचं भोक पाडून बाळी अडकवणं हे वेगळं काम आहे आणि त्याची तशी तपासणी झालेली नाही.

मग बरं का वाटतं?

पहिलं कारण अर्धशिशीच्या स्वभावात आहे. ती येते आणि जाते. एक झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत राहतो. काही महिने लागोपाठ झटके येतात, मग काही महिने येत नाहीत. आपण कान टोचायला कधी जातो? अगदी असह्य झाल्यावर. त्यानंतर दुखणं आपोआप उतरणारच असतं. उतरलं की श्रेय बाळीला मिळतं.

दुसरं, एक जागा दुखली की दुसऱ्या जागेवरचं लक्ष उडतं. कान ठणकत असताना डोकं कमी जाणवतं.

तिसरं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. कान टोचायला निघते त्या दिवशी बाई घरातून बाहेर पडते. सोबत बहीण किंवा जाऊ असते. कुणीतरी विचारतं, "कुठं दुखतं गं, कधीपासून?" तिच्यासाठी कुणीतरी चार पैसे मोडतं. आपलं दुखणं कुणीतरी खरं मानलं, एवढ्यानेही शरीराला आराम पडतो. याला डॉक्टरही नाकारत नाहीत. पण हा आराम थोड्या दिवसांचा असतो आणि मूळ कारण तिथंच राहतं.

मऊ हाडाला भोक पाडलं तर

कानाची पाळी मांसाची असते. तिला रक्त भरपूर मिळतं, म्हणून पाळीची जखम सहा ते आठ आठवड्यांत भरते. वरचा आणि आतला भाग मऊ हाडाचा, म्हणजे कूर्चेचा. त्याला रक्त कमी पोचतं. तिथली जखम भरायला सहा महिने ते वर्ष लागतं. तेवढ्या काळात पू झाला तर तो हाड खातो आणि कानाचा आकार कायमचा बिघडतो.

आता आपल्या कामाचा विचार करा. दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात आणि पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने बायका कोपीत राहतात. पहाटे उठून फडात जायचं, डोक्यावर मोळी उचलायची. पाचटाची धूळ, घाम, अंघोळीला पुरेसं पाणी नाही. अशा ठिकाणी कानातली कच्ची जखम स्वच्छ कशी राहणार? मोळी घासली, पदर अडकला की ती पुन्हा उघडते.

शिवाय एकच सुई अनेकांना वापरली तर कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही पसरू शकतात. धनुर्वाताचा धोका असतोच. काहींच्या भोकाभोवती जाड गाठ वाढते आणि ती जात नाही.

पिशवीच्या वेळी काय झालं ते आठवा

सगळ्या दुखण्यावर एकच झटपट इलाज, हा अनुभव आपल्या जिल्ह्याने फार वाईट घेतला आहे. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न राज्यभर गाजला. सरकारने समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. अनेकींची तक्रार पोटदुखीची, अंगावरून पांढरं जाण्याची किंवा पाळीच्या त्रासाची होती. जंतुसंसर्ग, ओझं, शौचालय आणि पाणी नसणं, ही कारणं तशीच राहिली आणि पिशवी गेली.

कानाचं भोक ही त्या मानाने छोटी गोष्ट आहे, मला मान्य आहे. पण चाल तीच आहे. दुखतंय का, हे कुणी शोधत नाही आणि शरीरावर काहीतरी करून मोकळं होतात. एक गोष्ट अजून सांगते. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं असेल तर पाळी एकदम बंद झाल्यासारखं होतं. अंगातून गरम वाफा निघतात, छाती धडधडते, झोप उडते, चिडचिड होते. अशी बाई "माझ्या जिवाची घालमेल होते" म्हणते तेव्हा तिने डॉक्टरांना ऑपरेशनचं जरूर सांगावं. कागद असतील तर ते घेऊन जावं.

डोकं का दुखतं ते शोधू या

डोकं अर्ध्या बाजूला ठणकतं, मळमळतं, उजेड आणि आवाज सहन होत नाही, अंधारात पडून राहावंसं वाटतं, तर ती बहुधा अर्धशिशी. उपाशी राहणं, ऊन, कमी झोप, पाणी कमी पिणं, पाळीचे दिवस, यांनी ती उठते. आपल्याकडे तर उपवासही असतो आणि त्याच दिवशी खुरपणीही असते. पण डोकेदुखीची कारणं आणखीही आहेत: रक्तदाब, चष्म्याचा नंबर, मानेचे ताणलेले स्नायू. रक्त कमी असल्यानेही डोकं दुखतं आणि धाप लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं.

यासाठी एक काम करा. घरातल्या कॅलेंडरवर खूण करायला लागा. डोकं दुखलं त्या तारखेला गोल. गोळी घेतली तर फुली. पाळीच्या दिवशी एक रेघ. त्या दिवशी उपाशी होते किंवा झोप झाली नव्हती तर एक टिंब. लिहिता येत नसलं तरी हे जमतं. दोन महिन्यांनी ते कॅलेंडर घेऊन उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. "डोकं दुखतं" एवढं सांगण्यापेक्षा हे कॅलेंडर डॉक्टरांना खूप काही सांगतं. अर्धशिशीवर औषधं आहेत. झटक्याच्या सुरुवातीलाच घ्यायची वेगळी, आणि महिन्यात बरेच झटके येत असतील तर रोज घेऊन झटके कमी करणारी वेगळी. कोणती घ्यायची ते डॉक्टर ठरवतील.

फुल्या मोजायला विसरू नका. दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त लागत असेल तर सावध व्हा. महिन्यातले दहा-पंधरा दिवस गोळी घेत राहिलं की त्या गोळीमुळेच डोकं रोज दुखायला लागतं. फडात कितीतरी जणी गोळी खाऊनच दिवस काढतात. उपाशीपोटी आणि कमी पाण्यावर घेतलेल्या या गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा करतात.

पुढची लक्षणं दिसली तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा:

- अचानक, आयुष्यात कधी दुखलं नाही इतकं डोकं दुखणं
- डोकेदुखीबरोबर ताप आणि मान ताठणं
- एक हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, झटके येणं
- डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारी डोकेदुखी
- गरोदरपणात डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर-हातावर सूज

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकेदुखी सुरू झाली असेल तर तीही तपासून घ्या.

जिवाची घालमेल

छाती धडधडते, हात गार पडतात, श्वास कोंडतो, रात्री डोळा लागत नाही, सारखं काहीतरी वाईट होईल असं वाटतं. याला कुणी "बाहेरचं" म्हणतं, कुणी "नाटक" म्हणतं. हा आजार आहे आणि तो बरा होतो. आपल्याकडे त्याला कारणंही ढीगभर आहेत. उचल फिटत नाही, पाऊस दगा देतो, नवरा पितो, वयात आलेल्या मुलीला गावात ठेवून फडावर जावं लागतं. कानाला भोक पाडून यातलं काहीही हलत नाही.

धडधड वाढली की त्या वेळी एक करता येतं. बसा. नाकाने सावकाश श्वास घ्या आणि त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडा. दहा वेळा. त्याला पैसे लागत नाहीत आणि बहुतेकींना थोडं हलकं वाटतं. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप आणि भूक उडाली असेल, कामात लक्ष लागत नसेल तर मदत घ्या. टेली-मानसचा नंबर १४४१६. चोवीस तास चालतो, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. बीडचं जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे मानसिक आजारांवर उपचार होतात. घरात मारहाण होत असेल तर महिला हेल्पलाइन १८१. "जगून काय करू" असं गटातली एखादी बोलली तर तिला त्या दिवशी एकटी सोडू नका. तिच्याजवळ बसूनच १४४१६ लावा.

हौसेने टोचायचे असतील तर

हौसेला माझा विरोध नाही. सोन्याचा एक मणी कानात चमकला की किती छान दिसतं! फक्त एवढं सांभाळा.

- पाळीलाच टोचा. आतल्या आणि वरच्या मऊ हाडाचा नाद शक्यतो नको.
- सुई नवी, आपल्यासमोर पाकीट फोडलेली हवी. टोचणाऱ्याने हात साबणाने धुतलेले हवेत. यात्रेत, बाजारात एकाच सुईने ओळीने टोचणाऱ्याकडे जाऊ नका. बंदुकीने टोचतात ते मऊ हाडाला कधीच नको.
- धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं.
- पहिली तार सोन्याची किंवा चांगल्या स्टीलची. खोट्या दागिन्यातल्या निकेलने कान चिघळतात.
- हळद, राख, तेल, लिंबाची काडी जखमेत घालू नका. पेलाभर पाणी उकळून त्यात पाव चमचा मीठ घाला आणि गार झाल्यावर त्याने दिवसातून दोनदा धुवा. तार उगाच फिरवू नका.
- मधुमेह असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, गरोदर असाल किंवा पूर्वी जखमेवर गाठ वाढली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
- कान लाल, गरम, सुजलेला दिसला आणि पू आला किंवा ताप चढला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जड झुब्यांनी पाळी फाटली असेल तर लाजू नका. तेवढी जागा बधिर करून ती शिवता येते. झुबे जड असतील तर केसात अडकवायचे वेल लावा, ते वजन उचलतात.

गटाने काय करावं

गटातली एखादी "कान टोचायला पैसे पाहिजेत" म्हणाली तर तिला हसू नका आणि लगेच नाही म्हणू नका. तिला दुखतंय म्हणून ती मागते आहे. तिला तीन गोष्टी विचारा. किती दिवसांपासून दुखतं? महिन्यात किती गोळ्या लागतात? रक्तदाब आणि रक्त कधी तपासलं? मग तेच पैसे तालुक्याच्या दवाखान्याच्या भाड्याला आणि तपासणीला द्या आणि सोबत एक जण जा. एकटी गेलेली बाई बरेचदा अर्धंच बोलून परत येते.

पुढच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर दहा मिनिटं यासाठी ठेवा. आशाताईंना बोलवा, सगळ्यांचा रक्तदाब मोजून घ्या आणि प्रत्येकीला कॅलेंडरवर खुणा कशा करायच्या ते दाखवा. टोळ्या फडावर जाण्याआधीच्या बैठकीत हे केलं तर फार बरं, कारण नंतर सहा महिने तिथं विचारायला कुणी नसतं. कॅलेंडर नेता येत नसेल तर त्याची पानं फाडून सोबत द्या.